उसने विमान आणि वेणूताई

वेणूताई पारसनीस यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे इथे लिहिण्याची परवानगी मी त्यांच्याकडूनच घेतली आहे. त्या म्हणाल्या, "लिहा ना. पण भांडण तुम्ही केलं होतं. मी फक्त वाचून दाखवत होते."

त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विमाक्षेत्रातील कार्यावर मी लिहावे, अशी संपादकांची इच्छा आहे. वेणूताईंच्या हाताखाली मी जवळजवळ तीस वर्षे काम केले, तेव्हा हा अधिकार मला थोडाफार पोहोचतो. परंतु मी या क्षेत्रात आलो तो परीक्षा देऊन नव्हे, एक विमान शेतात उतरवून आलो. म्हणून आधी ती हकीकत सांगतो. वेणूताई काय आहेत ते तिच्यात बरेचसे येते.

ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत नुकतेच अस्तित्वात आले होते. नवे सरकार सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला बसे. कारकुनांच्या बायका सामान बांधून कंटाळल्या होत्या, आणि हवी ती फाईल नेहमी दुसऱ्या गावी असे. माझे वडील, आबा, संस्थानच्या रिसाल्यात रिसालदार होते. फौज भारतीय सैन्यात मिसळली तेव्हा तरुण स्वार घेतले गेले, आबांच्या वयाच्या लोकांना हार घालून निरोप दिला गेला, आणि घोडे लिलावात गेले. त्या दिवसापासून आबा जवळजवळ मुकेच झाले. पहाटे घोड्यांच्या खराऱ्याच्या वेळी उठत आणि माधवगंजातल्या आमच्या घराच्या ओसरीवर नुसते उभे राहत. आई म्हणे, "ह्यांना काही तरी दाखवा रे कुणी, नुसती भिंत बघतात."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला विमान चालवण्याचा परवाना नुकताच मिळाला होता. इथल्या फ्लाइंग क्लबकडे संस्थानने वापरायला दिलेले एक पिवळे विमान होते. पुढे एक आणि मागे एक अशा दोन उघड्या बैठका, आणि एकमेकांशी बोलायला एक रबरी नळी. सभासदांना ते तासाच्या भाड्याने मिळत असे. मी ठरवले की आबांना एकदा वरून किल्ला दाखवायचा. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "जरूर न्या, पण सोबत माणूस बसणार, तेव्हा विम्याच्या ऑफिसातून चिठ्ठी आणा."

ते ऑफिस नया बाजारात एका कापडाच्या दुकानावर होते. एजन्सी माथुरसाहेबांची. दिलदार माणूस, मात्र बारीक अक्षराचा त्यांना मनस्वी कंटाळा. माझे म्हणणे अर्धवट ऐकून त्यांनी आतल्या टेबलाकडे हात केला, "बाकी बहनजी से समझ लीजिए." टाइपरायटरमागे साधारण सत्तावीस वर्षांच्या एक बाई बसल्या होत्या. त्याच वेणूताई.

दाना ओली या गल्लीतले पारसनीस घराणे म्हणजे एके काळी दरबारात आलेली फारसी पत्रे वाचून त्यांचा अर्थ सांगणारे. वेणूताईंचे वडील दरबारच्या दफ्तरात होते. विलीनीकरणानंतर दफ्तर गुंडाळले गेले, घरात मिळवते कोणी उरले नाही, आणि इंटर झालेल्या वेणूताई ऑफिसचा हा जिना चढून नोकरीला आल्या. लोक नाके मुरडत. त्या त्यांनाही नमस्कार करून पुढे जात.

त्यांनी क्लबची पॉलिसी काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मी घाईत होतो. म्हणालो, "बाई, विमानाचा विमा आहे, मला क्लबने सांगितलंय."

"विमानाचा आहे. तुमचा नाही."

"म्हणजे?"

"मतलब असा, की विमान मोडलं तर कंपनी मालकाला भरपाई देईल. आणि मग तेवढीच वसूल करायला तुमच्या दारात येईल, कारण मोडलं तुम्ही. भाड्याने घेतलं म्हणून तुम्ही मालक होत नाही, आणि मालकाचं छत्रही तुमच्या डोक्यावर येत नाही."

"मी विमान उडवतो, मोडत नाही."

"मोडायला म्हणून कुणीच नेत नाही हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि खाली कुणाचं घर असेल, बैल असेल, त्याचं काय? सोबत बसणाऱ्याचं काय? यात पाहुण्याचं नावच नाही. कोण बसणार आहे?"

"माझे वडील."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि बोट पहिल्या ओळीवर परत नेले. "मग तर थांबाच. हे बघा, मालक म्हणून नाव आहे संस्थानचं. हा मालक आता कुठे भेटेल?"

त्या वर्षी अर्धे शहर हाच प्रश्न विचारत होते, पण विमानाच्या बाबतीत तो कुणालाच सुचला नव्हता. क्लब दर महिन्याला ते भाड्याने देत होता, सभासद हौसेने उडवत होते, आणि ज्याच्या नावाचा विमा तो मालकच राहिला नव्हता. माझे डोके फिरले. मोठ्या आवाजात मी बरेच काही बोललो. बाईमाणसाने विमानाबद्दल बोलू नये, असेही बोललो. ते वाक्य आजही आठवले की मान खाली जाते. वेणूताईंनी ऐकून घेतले आणि टाइपरायटरवर कागद चढवला. "झालं बोलून? आता आबासाहेबांचं पूर्ण नाव सांगा."

नाव बदलून यायला महिना लागला. मालकी नव्या सरकारच्या ज्या खात्याकडे गेली होती ते त्या ऋतूत इंदूरला होते, आणि सही करणारे साहेब रजेवर ग्वाल्हेरला. वेणूताईंनी इंदूरला पत्रे धाडली, आणि ऑफिस सुटल्यावर साहेबांच्या बंगल्यावर तीनदा स्वतः गेल्या. शेवटी कागद आला. मालक नवे सरकार, चालवणाऱ्यांत माझे नाव, सोबत बसणाऱ्याला संरक्षण, जमिनीवरच्या लोकांच्या नुकसानीची सोय, आणि कंपनी भाडेकरू वैमानिकाकडे वसुलीला येणार नाही अशी एक ओळ. त्यासाठी मला थोडा जादा हप्ता भरावा लागला. मी तो कपाळाला आठ्या घालून भरला.

थंडीतल्या एका स्वच्छ सकाळी मी आबांना घेऊन उडालो.

किल्ल्यावर आलो तेव्हा नळीतून आबांचा आवाज आला. कित्येक महिन्यांनी तो आवाज मी मोकळा ऐकत होतो. "रघुनाथ, तो बघ आपला पागेचा माळ! अरे, केवढासा दिसतो!" मग ते थांबेचनात. हा दरवाजा, ते टाके, इथे अमक्याचा घोडा बुजला होता. मी मागच्या बैठकीत हसत होतो आणि गॉगलच्या आत डोळे भरून येत होते. एवढ्यात ते म्हणाले, "हा दांडा माझ्यापुढेही आहे. धरू का जरा?"

मी "धरा" म्हणालो. जेमतेम दोन मिनिटे. विमान थोडे डोलले, आबा मोठ्याने हसले, आणि मी ताबा परत घेतला.

परतताना, मुरारच्या अलीकडे, इंजिन खोकू लागले आणि बंद पडले. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता, असे नंतर निघाले. समोर हरभऱ्याचे शेत दिसले, तिथे मी विमान उतरवले. बरे उतरले, पण अखेरीला एक चाक बांधात अडकले आणि डावा पंख विहिरीवरच्या रहाटाला जाऊन लागला. रहाटाचा लाकडी सांगाडा मोडला, विमानाच्या पंख्याचे पाते तुटले. आम्हां दोघांना खरचटलेदेखील नाही. शेताचा मालक, खेमा नावाचा शेतकरी, धावत आला आणि आधी म्हणाला, "भैया, चोट तो नहीं लगी?" मग त्याने रहाटाकडे पाहिले आणि मटकन खाली बसला.

आबा उतरले, टोपी सरळ केली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं उतरवलंस. घोडं अडखळलं तरी लगाम सोडला नाहीस."

आता खरी कसोटी आली. मुंबईहून नुकसान तपासायला कंपनीचे सर्व्हेअर येणार होते आणि त्याआधी जबाबाचा छापील कागद भरायचा होता. वेणूताई प्रश्न वाचत, मी उत्तर देत असे, त्या टाइप करत. एक प्रश्न आला: उड्डाणात परवानाधारकाशिवाय अन्य कोणाच्या हाती विमान होते काय?

मी म्हणालो, "नाही लिहा."

टाइपरायटर थांबला. "रघुनाथराव, बाकी सगळी उत्तरं तुम्ही माझ्याकडे बघून दिलीत."

मग मला सांगावेच लागले. पलीकडून माथुरसाहेब म्हणाले, "अरे भाई, ऊपर कौन देखने गया था? 'नहीं' लिखो और छुट्टी करो." त्यांच्या मनात कपट नव्हते. खरे उत्तर गेले तर कंपनी सगळेच नाकारील, क्लब बंद पडेल, आणि माझ्या आबांच्या पेन्शनीतून उभे आयुष्य विमान फेडावे लागेल, ही त्यांची भीती होती. माझीही तीच होती.

वेणूताई म्हणाल्या, "कागद तुमचा, दस्तखत तुमचे. तुम्ही सांगाल ते मी टाइप करीन. पण 'नाही' लिहिलं तर साक्षीदार म्हणून मी सही करणार नाही."

"आणि खरं लिहिलं तर पैसे मिळतील?"

"मला मालूम नाही. मिळतील असं मला वाटतं, कारण मी अटी वाचल्यात. पण वाटण्यावर मी तुम्हाला शब्द देणार नाही."

मी कागद तसाच ठेवून घरी गेलो आणि आबांना सांगितले. त्यांनी कोट चढवला, छातीवर पदके लावली, आणि टांगा करून नया बाजारात आले. जिना चढून वेणूताईंसमोर ताठ उभे राहिले. "बाईसाहेब, लिहा. रिसालदार जगदाळे यांनी किल्ल्यावर दोन मिनिटे लगाम धरला."

"आबासाहेब, लगाम नाही, दांडा."

"तेच ते. लिहा."

वेणूताईंनी लिहिले. कुठे, किती वेळ, ताबा परत कधी घेतला, इंजिन त्यानंतर किती वेळाने बंद पडले, सगळे. खाली साक्षीदार म्हणून सही केली. मग आबांना बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला.

सर्व्हेअरसाहेब दोन दिवसांनी आले. उंच, कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी जबाब वाचला, त्या उत्तरापाशी थांबले आणि चष्मा काढला. "आपने यह ख़ुद लिखवाया?"

"जी," मी म्हणालो.

"अच्छा किया," ते म्हणाले. "स्टेशन से जिस ताँगे में आया, उसका ताँगेवाला रास्ते भर मुझे यही सुनाता रहा कि माधवगंज के रिसालदार साहब ने क़िले के ऊपर हवाई जहाज चलाया है."

मी शेजारी बसलेल्या आबांकडे पाहिले. आबा छताकडे पाहत होते. महिनोन् महिने न बोललेल्या माणसाने त्या आठवड्यात अख्ख्या माधवगंजाला, आणि म्हणे भाजीवाल्यांनाही, ती हकीकत ऐकवली होती. मी 'नाही' लिहून दिले असते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करत नाही.

परंतु प्रश्न संपला नव्हता. साहेब म्हणाले की परवाना नसलेल्याच्या हाती विमान दिले म्हणजे अट मोडली. तेव्हा वेणूताईंनी पॉलिसी त्यांच्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवले. "साहब, यहाँ लिखा है, दुर्घटना के समय. उड़ान में कभी भी, ऐसा नहीं लिखा. दुर्घटना के समय जहाज इन्हीं के हाथ में था."

साहेबांनी ती ओळ एकदा वाचली. परत वाचली. शेवटी साहेब म्हणाले, "आप ठीक कहती हैं." मग मालकाचे नाव पाहिले, तारीख पाहिली, वसुली न करण्याची ओळ पाहिली, आणि विचारले, "यह सब दुर्घटना से पहले किसने करवाया?" माथुरसाहेबांनी अभिमानाने आत हात केला, "बहनजी ने."

काम झाले असे समजून साहेब उठू लागले. वेणूताई म्हणाल्या, "अभी खेत बाकी है, साहब." पिवळ्या विमानाच्या काळजीत आम्ही सगळे खेमाला विसरलो होतो. वेणूताई विसरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या शेतावर गेलो. खेमा अंगठा द्यायला तयार होईना. जमीनदारीचे कायदे बदलत होते, रोज कोणी ना कोणी कागद घेऊन येई, आणि अंगठा दिला की जमीन जाते, अशी गावात दहशत होती. साहेब वैतागले. वेणूताई मात्र बांधावर बसल्या. त्यांनी तो इंग्रजी कागद हिंदीत वाचून दाखवला, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. म्हणाल्या, "जब तक समझ में न आए, अँगूठा मत लगाना. मैं कहूँ तो भी मत लगाना."

हे ऐकून खेमाची बायको घुंघटाआडून पुढे झाली आणि विचारू लागली. रहाट बंद आहे तोवर हरभऱ्याला पाणी कोण देणार? सुकलेल्या वाफ्यांचे काय? कागदात फक्त लाकडाचा उल्लेख होता. वेणूताईंनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी पेन काढले आणि पिकाची ओळ वाढवली. मग बायकोने मान हलवली, आणि तेव्हाच खेमाने अंगठा दिला. निघताना तिने वेणूताईंच्या ओटीत ओला हरभरा घातला. तो सोलून खात आम्ही टांग्यातून परतलो, आणि कोरड्या चेहऱ्याचे सर्व्हेअरसाहेबही खात होते.

विमान दुरुस्त झाले. खेमाचा रहाट नवा झाला. क्लबने मला, आबांच्या हाती दांडा दिल्याबद्दल, तीन महिने उडण्याची बंदी केली, आणि ती योग्यच होती. मी माफी मागायला नया बाजारात गेलो तेव्हा वेणूताईंनी विचारले, "तीन महिने रिकामे आहात ना? जबाबाला जोडलेला शेताचा नकाशा तुम्ही छान काढला होता. मोजमापं बिनचूक होती. इथे कामाला या." ते तीन महिने अजून संपायचे आहेत.

पुढची वाटचाल ग्वाल्हेरकरांना ठाऊक आहे. राज्य पुन्हा एकदा बदलले, राजधानी भोपाळला गेली, आणि ज्याच्या त्याच्या कागदांवरचे मालक पुन्हा चुकले. त्या वर्षी वेणूताईंनी न सांगता, न मागता, गिरण्यांपासून पिठाच्या चक्कीपर्यंत प्रत्येक ग्राहकाची पॉलिसी काढून नावे दुरुस्त करून घेतली. माथुरसाहेबांच्या पश्चात एजन्सी त्यांनी चालवली. विम्याचा धंदा सरकारकडे गेला तेव्हा त्या आमच्या शाखेत अधिकारी झाल्या. एकदा वरिष्ठांनी विचारले, तुमच्या शाखेत दावे मंजूर होण्याचे प्रमाण इतके कसे? त्या म्हणाल्या, "कारण आम्ही पॉलिसी विकतानाच वाचून दाखवतो." वरिष्ठांना हे उत्तर फारसे आवडले नसावे. वेणूताईंची बढती पुढे दोन वर्षे रखडली. त्यांनी तक्रार केली नाही. उलट माझी बढती अडू नये म्हणून स्वतः पत्र लिहिले, हे मला त्यांच्या निवृत्तीनंतर कळले.

त्यांनी लग्न केले नाही. कोणी विचारले की म्हणत, "अटी वाचल्या, सही केली नाही." पण धाकट्या तिन्ही भावंडांचे संसार त्यांनी उभे केले, आणि दाना ओलीतल्या किती मुलींना टाइपिंग शिकवून नोकरीला लावले याची गणती त्यांनी स्वतःही ठेवलेली नाही.

आजही रविवारी सकाळी त्यांच्या दारात लोक कागद घेऊन येतात. परवा माझा नातूही असाच एक कागद घेऊन गेला होता. मित्राची मोटार मागून तो ओरछ्याला निघाला होता. "आजी, बस यहाँ साइन करना है, बाकी सब ठीक है," तो म्हणाला. वेणूताईंनी त्याला समोर बसवले आणि विचारले, "गाडी कुणाची? विमा कुणाच्या नावाचा? आणि तू चालवणार हे त्यांना मालूम आहे?" पोरगा तासाभराने परत आला तो गंभीर चेहऱ्याने. मी विचारले, काय झाले? म्हणाला, "आजोबा, वो तो पूरा पढ़वाती हैं." मी म्हणालो, बाबा, मला महिनाभर थांबवले होते.

गेल्या हिवाळ्यात एक गंमत झाली. वेणूताईंची भाची त्यांना दिल्लीला विमानाने घेऊन गेली. तीस वर्षे विमानांचे विमे लिहिलेल्या वेणूताई त्या दिवशी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आयुष्यात प्रथमच विमानात बसल्या. भाची सांगते, त्यांनी आधी तिकिटाच्या मागची सगळी बारीक अक्षरे वाचली, मग चष्मा पुसला आणि खिडकीला नाक लावले. दिल्ली येईपर्यंत हलल्या नाहीत. परतल्यावर मी विचारले, "ताई, कसं वाटलं?" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "अहो, इतकं सुंदर असतं? मला कुणी सांगितलंच नाही! मी उगाच तुम्हा सगळ्यांना जमिनीवर थांबवत बसले." मग लगेच म्हणाल्या, "नाही, थांबवलं ते बरंच केलं."

वेणूताई, तुम्ही थांबवलेत म्हणून आम्ही निर्धास्त उडालो. तुमचे डोळे असेच बारीक अक्षरे वाचत राहोत, गुडघे दाना ओलीच्या चढाला न कुरकुरता साथ देत राहोत, आणि रविवारची तुमच्या दारातली गर्दी वाढतच जावो. शंभरीला आम्ही पुन्हा लेख लिहू. तोवर या भाचीला आम्ही सांगून ठेवले आहे की दर हिवाळ्यात तुम्हांला एकदा तरी विमानात बसवायचे, खिडकीशी.